ओक जास्त झालेल्या २३ लिटर वाइनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बहीण-भावाचं आहे. ओळख पटेल असं काही सांगत नाही. त्यांना भाऊ आणि ताई म्हणू. दोघं मिळून घरी वाइन करतात आणि हा त्यांचा तिसरा हंगाम होता. मेर्लो द्राक्षं, सालांसकट आंबवणी, मग दाबून काढलेला रस. शेवटी हाती आले २३ लिटरचे दोन काचेचे जार. एकाच द्राक्षाचे, एकाच यीस्टचे, अगदी जुळे.

ओक म्हणजे वाइनला व्हॅनिलासारखा वास आणि थोडा तुरटपणा देणारं लाकूड. ते घालण्यापर्यंतचं काम नेटकं झालं होतं, हे आधी सांगतो, कारण पुढे सगळा दोष ओकच्या माथी मारताना मागचं काही बिघडलेलं नव्हतं याची खात्री हवी. हायड्रोमीटर ०.९९५ वर स्थिरावला होता, म्हणजे साखर संपली होती. मॅलोलॅक्टिक आंबवणीही, म्हणजे जीवाणूंनी मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करणं, पूर्ण झाली होती. कागदी क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे आम्लं वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या चाचणीत, मॅलिक आम्लाचा ठिपका उरला नव्हता. पीएच ३.६. जाड गाळावरून वाइन सायफनने दुसऱ्या जारात काढली, वाइन टिकवणारं सल्फाइट घातलं, बाहेरची हवा आत येऊ न देणारा एअरलॉक लावला.

मतभेद इथून सुरू झाला. भाऊंना ओक हवा होता, ताईंना नको होता. "द्राक्षाची वाइन आहे, द्राक्षासारखी लागू दे की," असं ताईंचं म्हणणं. वाद फार न ताणता वाटणी झाली: एक जार भाऊंचा, एक ताईंचा. त्या वेळी ही नुसती घरगुती तडजोड होती.

बॅरलचा प्रश्नच नव्हता. नेहमीचं बोर्दो बॅरल २२५ लिटरचं असतं. वीस लिटरची छोटी बॅरलं मिळतात, पण आकार जितका लहान तितका दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जास्त. त्यामुळे ओक भराभर उतरतो, हवाही जास्त शिरते, आणि दर काही दिवसांनी कमी झालेली वाइन वरून भरत बसावं लागतं. घरी बहुतेक जण जारात टाकायच्या ओकच्या तुकड्यांकडे वळतात ते याच कारणाने. ज्यांना ही पळवाट वाटते त्यांच्यासाठी एक माहिती: युरोपीय संघानेसुद्धा २००६ मध्ये वाइनमध्ये ओकचे तुकडे वापरायला परवानगी दिली.

तुकड्यांत चिप्स, साधारण सेंटिमीटरभराचे क्यूब्स, पिळाचे स्पायरल आणि लांब पट्ट्या असे प्रकार येतात. भाऊंकडे होती ती अमेरिकन ओकच्या मध्यम भाजलेल्या चिप्सची २५० ग्रॅमची पिशवी. आधीच्या हंगामात आणलेली, न फोडलेली. ती निवडली नव्हती, नुसती हाताशी होती.

अडचण

भाऊ नोंदवही ठेवतात, हे त्यांचं मोठं सुदैव. त्या जाराच्या पानावर तीनच ओळी होत्या. पहिल्या दिवशी: "चिप्स टाकल्या, एक कप." सहाव्या दिवशी: "चव घेतली. ओक काहीच नाही. आणखी एक कप टाकला, वर थोड्या." त्यानंतर थेट पन्नासावा दिवस: "???"

मधल्या काळात कामाच्या गडबडीत जाराकडे बघणंच झालं नाही. ठरलं होतं दोन आठवडे, झाले सात. पन्नासाव्या दिवशी त्यांनी पेलाभर काढली आणि मला फोन केला. "लाकूड चावल्यासारखं लागतंय हो. पेन्सिलीला टोक करून ती चोखावी तसं."

नमुना माझ्याकडे आला तेव्हा वर्णन बरोबर निघालं. पेला नाकाशी नेला की आधी नारळ, मग व्हॅनिला, आणि त्यामागे ओल्या भुशाचा वास. मेर्लोचं आलुबुखार, चेरी काही म्हणता काही लागत नव्हतं. तोंडात पहिला घोट गोडसर वाटायचा, पण लगेच हिरड्या कोरड्या पडायच्या आणि जिभेच्या मागे कडवट रेघ उरायची. वाइन बिघडलेली नव्हती. व्हिनेगरचा वास नाही, वर पापुद्रा नाही, रंग स्वच्छ. ती लाकडाखाली गाडली गेली होती, एवढंच.

मी तिथल्या तिथे निदान करून मोकळा झालो: "सात आठवडे म्हणजे फारच झाले. दोन आठवड्यांत काढायला हव्या होत्या." भाऊंनाही ते पटलं. विसरलो, म्हणून बिघडलं, सरळ हिशेब. हे निदान चुकीचं होतं, आणि ती चूक माझी आहे.

तपास

चूक पकडली ताईंनी. चिप्सपासून वाइन वेगळी करायची म्हणून तिसऱ्याच दिवशी सायफन लावला. तळाशी गाळात रुतलेल्या चिप्स चाळणीत निथळत पडल्या होत्या. ताईंनी एक उचलली आणि नखाने उभी चीर पाडली. आतून ती शेवटपर्यंत जांभळी होती. मध्ये कोरड्या लाकडाची एक रेघही शिल्लक नव्हती. मग त्यांनी ती चावून बघितली. "याला लाकडाची चवच नाही रे. नुसती वाइन लागतेय. ही तर कधीच रिकामी झालीय."

तिथे मला माझ्या निदानाचा फोलपणा दिसला. चिप दोन-तीन मिलिमीटर जाड असते. वाइन तिच्यात दोन्ही बाजूंनी शिरते, शिवाय तुकडा आडवा कापलेला असल्याने लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात. बॅरलची फळी लाकडाच्या रेषेत उभी फाडतात. वाइनला तिची फक्त बाजू लागते आणि आतले काही मिलिमीटर ओले व्हायला कित्येक महिने जातात. चिप्समध्ये जे काही आहे त्यातलं बहुतेक एक ते दोन आठवड्यांत वाइनमध्ये उतरून जातं. त्यानंतर त्या चिप्स जारात सात आठवडे राहिल्या काय आणि सतरा राहिल्या काय, ओकच्या चवीत फार फरक पडत नाही.

म्हणजे पाणी वेळेत मुरत नव्हतं, मापात मुरत होतं.

मग किती चिप्स पडल्या होत्या? "एक कप, आणि आणखी एक कप, वर थोड्या" यावरून काही कळत नाही. चिप्सचा कप दाबून भरला की सैल, यावर वजन वाटेल तसं बदलतं. पण २५० ग्रॅमची पिशवी शिल्लक होती. ती वजनकाट्यावर ठेवली, पिशवीचं वजन वजा केलं, तर १२० ग्रॅम उरल्या होत्या. म्हणजे जारात गेल्या १३० ग्रॅम. २३ लिटरला १३० ग्रॅम म्हणजे लिटरमागे जवळजवळ ५.६५ ग्रॅम.

चिप्सचं चालतं माप लिटरला १ ते ४ ग्रॅम. ४ सुद्धा भरभक्कम, टॅनिन (तोंड कोरडं पाडणारा तुरट घटक) पेलणाऱ्या जाड रेड वाइनसाठी. मध्यम अंगाच्या मेर्लोला २ च्या वर जाताना मी विचार करीन. भाऊ त्याच्या जवळजवळ तिप्पट गेले होते.

आता प्रश्न सहाव्या दिवसाचा. तेव्हा जारात पहिल्या कपाच्या चिप्स होत्याच. तरीही "ओक काहीच नाही" असं का वाटलं? या एका ओळीवर आम्ही बराच वेळ घालवला, कारण सगळं प्रकरण तिथेच फिरलं होतं. तीन गोष्टी सापडल्या.

एक, जार थंड खोलीत होता, तेरा अंशांच्या आसपास. थंडीत लाकडातून चव हळू उतरते. आणि भाऊंनी नमुना काढून तसाच, थंडच चाखला. थंड वाइनचा वास दबलेला असतो, तर ओकची ओळख मुळात नाकालाच पटते.

दोन, नव्या चिप्स तरंगतात. पहिले काही दिवस त्या जाराच्या मानेशी दाटीने तरंगत असतात. त्यांच्या आसपासच्या वाइनमध्ये ओक दाट असतो आणि खाली नुसती वाइन. भाऊंनी नळी मध्यापर्यंत घालून नमुना काढला होता, जार न हलवता. ते वाइन चाखत होते, पण ओक वर होता.

तीन, त्यांना व्हॅनिला हवी होती आणि ते फक्त तिचाच शोध घेत होते. कोरडेपणाकडे लक्षच नव्हतं. आठवून बघायला सांगितल्यावर ते म्हणाले, "हो, हिरड्यांवर जरा चिकटत होतं खरं, पण मला वाटलं वाइन कोवळी आहे म्हणून." ते टॅनिन कदाचित द्राक्षाचं असेल, कदाचित ओकचं. आता सांगता येणार नाही. पण ती खूण होती आणि ती वाचली गेली नाही.

पर्याय

वाइन चिप्सपासून वेगळी झाल्यावर २२.५ लिटर उरली; बाकीची लाकडाने प्यायली आणि गाळात गेली. ती कशी सावरायची यावर आम्ही तिघं बसलो.

काहीच न करता मुरू द्यावं, हा पहिला विचार. भाऊंचा सगळा भरवसा यावर होता. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ओकचा कडक, कोरडा भाग म्हणजे एलॅजिटॅनिन. तो महिन्यांमागून महिने गेले की हवेच्या थोड्याशा संपर्काने आणि इतर घटकांशी जुळून मवाळ होतो. व्हॅनिलाही हळूहळू ओसरते. पण नारळाचा वास येतो तो ओक लॅक्टोनमुळे, आणि अमेरिकन ओकमध्ये तो फ्रेंच ओकपेक्षा बराच जास्त असतो. हा लॅक्टोन चिवट आहे, वाइनमध्ये टिकून राहतो. उलट मेर्लोचा फळाचा वास मुरण्यात आधी जातो. म्हणजे दोन वर्षं थांबलं तर तोंड मऊ होईल, पण नारळ राहील आणि फळ गेलेलं असेल. एरवी मी थांबण्याच्या बाजूचा माणूस आहे, इथे नाही.

दुसरा विचार मी मांडला: अंड्याच्या पांढऱ्या भागाने टॅनिन खाली बसवायचं. जुनं माप २२५ लिटरच्या बॅरलला पाच-सहा अंडी, म्हणजे लिटरला एक ग्रॅमसुद्धा नाही. सगळ्या जारावर प्रयोग करण्याऐवजी एक लिटर वेगळी काढली. किंचित मीठ घातलेल्या पाण्यात पांढरा भाग फेस न आणता मिसळला, वाइनमध्ये ढवळला, दहा दिवस बसू दिलं. निकाल मला अपेक्षित नव्हता. कोरडेपणा कमी झाला, अगदी जाणवेल इतका. पण टॅनिनचा आडोसा गेल्यावर नारळ आणखी उघडा पडला. ताईंनी चाखून पेला खाली ठेवला. "हे आधीपेक्षा वाईट आहे." बरोबर होतं. प्रथिनाने टॅनिन बसतं, वास बसत नाही.

कार्बनची भुकटी वास शोषते, पण फळ, रंग, ओक सगळं एकजात घेऊन जाते. तो पर्याय दोन मिनिटांत बाद झाला. गोडवा घालून कडवटपणा झाकायचा विचारही पुढे आला होता. पण गोड वाइन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घालावं लागतं, आणि मॅलोलॅक्टिक झालेल्या वाइनमध्ये ते धोक्याचं. लॅक्टिक जीवाणू सॉर्बेटवर काम करतात आणि जिरॅनियमच्या पानांचा जो वास येतो तो मग कशानेही जात नाही. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा प्रकार.

उरला मिसळण्याचा पर्याय. ओक जास्त झालेल्या वाइनला बिनओकची वाइन हाच खरा उतारा, कारण त्यात काही काढायचं नसतं, फक्त पातळ करायचं असतं. आणि इथे तर जुळा जार शेजारीच उभा होता: तीच द्राक्षं, तोच पीएच, तीच आंबवणी. अशी जोडीदार वाइन मिळणं दुर्मीळ. फक्त तो जार ताईंचा होता.

काय केलं

ताईंनी लगेच होकार दिला नाही, आणि मला ते योग्य वाटलं. "माझी वाइन चांगली आहे. तुझी सावरायला माझी का बिघडवायची?" आम्ही म्हटलं, आधी पेल्यात बघू, जारात नंतर. त्यावर त्या तयार झाल्या.

चाचणी अशी झाली. शंभर मिलिलिटरच्या मापनळीने पाच पेले तयार केले: ओकवाली वाइन शून्य, २०, ३०, ४० आणि ५० टक्के, बाकी ताईंची. वाइन खोलीच्या तापमानावर आणली. पेल्यांखाली तळाशी आकडे चिकटवले, वर काही नाही, आणि मी पेल्यांची जागा बदलली. चाखायला सुरुवात कमी ओकपासून. आधी दाट पेला नाकाशी गेला की नारळाने नाक मरतं आणि मग पुढचे सगळे सारखे वाटतात. अर्थात कुठला पेला हलका ते मलाच माहीत होतं, म्हणून क्रमही मीच ठरवत होतो.

पन्नासचा पेला दोघांनी एका घोटात बाजूला केला. चाळीस भाऊंना आवडला, ताईंना नाही. वीस ताईंना चालला, भाऊ म्हणाले, "यात ओक आहे म्हणता?" तीसवर दोघांचीही पावती मिळाली. पण भाऊंचा हात चाळीसकडे वळत राहिला. म्हणून सगळे पेले झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. दुसऱ्या दिवशी चाळीसचा पेला हिरड्यांवर कोरडा पडला आणि तीसमध्ये मात्र आलुबुखार वर आलं. भाऊंनी स्वतःहून चाळीस सोडला. या एका रात्रीने काम केलं. ओक जास्त झालेल्या वाइनमध्ये पहिल्या दिवशीचा निवाडा व्हॅनिलाच्या मोहात होतो.

आणखी एक खात्री करून घेतली: तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. ताईंना वीस आणि तीसमधला फरक तिन्ही वेळा कळला. म्हणजे या टप्प्यात दहा टक्के म्हणजे नुसता आकडा नव्हता, चवीत खरा फरक होता.

प्रमाण ठरलं, पण किती मिसळायचं हा वेगळा प्रश्न. ताईंचा पूर्ण जार ओतला असता तरी तीस-सत्तरच्या हिशेबाने सगळी ओकवाली वाइन काही खपली नसती. निम्मी उरलीच असती, आणि ताईंकडे मूळ वाइन एक थेंब राहिली नसती. शेवटी ताईंनीच आकडा दिला: "साडेचार लिटर माझी, बाजूला. बाकीची घे." त्यांचा जार २२.५ लिटरचा होता, म्हणजे १८ लिटर मिसळायला मिळाली. तिला तीस-सत्तरच्या हिशेबाने ७.७ लिटर ओकवाली. एकूण २५.७.

मिसळण्याआधी दोन्ही वाइन पुन्हा हायड्रोमीटरने तपासल्या. एकीत जरी साखर शिल्लक असती तरी मिश्रणात पुन्हा आंबवणी सुरू झाली असती. मग आधी ताईंची वाइन नव्या भांड्यात, तिच्या पृष्ठभागाखाली नळीचं टोक ठेवून भाऊंची. शिंपडत, फेसाळत ओतली तर हवा मिसळते. वरून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (तेच सल्फाइट) १ ग्रॅम, म्हणजे सल्फर डायऑक्साइडची लिटरला साधारण २२ मिलिग्रॅम भर. २३ लिटरचा जार मानेपर्यंत भरला, उरलेल्याच्या तीन बाटल्या आणि चाखायला थोडी.

अंड्याच्या प्रयोगाची लिटर आणि चाखण्यात गेलेली सोडून बाकी राहिली ओकवाली साडेतेरा लिटर. भाऊ ती फेकायला निघाले होते. मी थांबवलं. साडेचार लिटरचे तीन छोटे जार काठोकाठ भरून घेतले, वर जागा न ठेवता. दाट ओक असलेली वाइन म्हणजे पुढच्या हंगामाचा मसाला. तिची ताकद आता आकड्यात माहीत होती, हा फायदा ताज्या चिप्सलाही नसतो.

परिणाम

मिश्रण पाच महिन्यांनी बाटलीत भरलं. त्या वेळी चाखलं तर नारळाचा वास शोधल्यावर सापडायचा, व्हॅनिला मागे होती, फळ पुढे. तोंडात टॅनिन होतं, पण मेर्लोला शोभेल इतकंच. भाऊंना हवी होती त्याहून ही वाइन हलकी, ताईंना हवी होती त्याहून जड, असं दोघंही म्हणतात. दोघांच्या बाटल्या मात्र सारख्याच वेगाने संपल्या.

नंतर मी एक हिशेब केला, तो आधीच करायला हवा होता. ५.६५ ग्रॅमच्या ओकवाल्या वाइनचा तीस टक्के भाग म्हणजे मिश्रणात लिटरला १.७ ग्रॅम. पेल्यांमधून, नुसत्या जिभेने, आम्ही नेमके नेहमीच्या मापात येऊन पोहोचलो होतो. २३ लिटरला १.७ ग्रॅम म्हणजे ३९ ग्रॅम. भाऊंनी पहिल्या दिवशी ३९ ग्रॅम वजन करून टाकल्या असत्या आणि तशाच सात आठवडे विसरले असते, तर जवळजवळ हीच वाइन मिळाली असती. विसरण्याचा गुन्हा त्यांच्याकडून घडला, पण शिक्षा दुसऱ्याच गुन्ह्याची भोगावी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी वजन. कप, मूठ, "थोड्या" यांतलं काहीच चिप्सला चालत नाही. इतकं साधं की लिहायला संकोच वाटतो, पण माझ्याकडे येणाऱ्या ओकच्या तक्रारींत ग्रॅम सांगता येणारे फार थोडे असतात.

सहाव्या दिवशी चव घेणं चूक नव्हतं. चव घेऊन त्याच दिवशी निर्णय घेणं चूक होतं. चिप्स तरंगत असतील तोवर नमुना खोटं बोलतो. जार हलकेच फिरवून घ्यायचा, नमुना खोलीच्या तापमानावर येऊ द्यायचा, आणि तरीही ओक कमी वाटला तर आणखी चार दिवस थांबायचं. चिप्स वाढवायच्या तर पहिल्या खाली बसल्यावर. चिप्स बुडल्या म्हणजे त्या भिजल्या.

चिप्स मोकळ्या टाकणं टाळायला हवं होतं. गाळात रुतल्यावर त्या काढायला सगळी वाइन काढावी लागते. नायलॉनच्या जाळीत बांधून, वजनाला दोन-तीन काचेच्या गोट्या घालून, बाहेर दोरा ठेवला तर पाहिजे तेव्हा ओढून काढता येतात. भाऊंनी चिप्स उकळल्या नव्हत्या, ते मात्र बरं केलं. उकळल्या की बरीच चव त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. चांगल्या भाजलेल्या, नव्या, कोरड्या चिप्स सल्फाइट असलेल्या वाइनमध्ये तशाच टाकल्या तरी चालतं. ब्लीचने धुण्याचा मोह मात्र कधी होऊ देऊ नये: लाकूड आणि क्लोरीन एकत्र आले की ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार होऊ शकतं, म्हणजेच वाइन बुरशी लागल्यासारखी वास मारते ते.

चिप्सऐवजी क्यूब्स घेतले असते तर? तुकडा जाड, म्हणून ओक दोन-तीन महिन्यांत सावकाश उतरतो आणि मधल्या प्रत्येक चवीत बदल दिसत राहतो. सहाव्या दिवशी काहीच लागलं नसतं, पण ते अपेक्षितच असतं, म्हणून कुणी घाईने दुसरा कप टाकत नाही. भाऊंसारख्या, जार विसरणाऱ्या माणसाला मी एरवी क्यूब्सच सुचवतो. गंमत म्हणजे क्यूब्समध्ये वेळेचं महत्त्व खरोखर असतं, आणि फोनवरचं माझं ते पहिलं निदान तिथे बरोबर ठरलं असतं.

आंबवणी चालू असतानाच ओक घातला असता तर नारळ-व्हॅनिलाचा जोर आपोआप कमी राहिला असता. जिवंत यीस्ट व्हॅनिलिनचं रूपांतर कमी वासाच्या घटकात करतं, आणि थोडा वास गाळातही अडकतो. पण तो दुसऱ्या तऱ्हेचा ओक झाला. रंग आणि टॅनिनसाठी, वासासाठी नव्हे.

माझ्याकडून काय चुकलं तेही लिहितो. फोनवर ऐकून निदान केलं, पिशवी किती उरली हे विचारलं नाही. आणि अंड्याचा प्रयोग सुचवताना त्यातून वास सुटणार नाही हे मला माहीत असूनही कोरडेपणावरच लक्ष ठेवलं. एक लिटरवर प्रयोग केला म्हणून एकच लिटर गेली. जारावर केला असता तर मसालाही हाती राहिला नसता.

पुढच्या हंगामात तीनपैकी एक छोटा जार १८.५ लिटर नव्या वाइनमध्ये मिसळला: लिटरला १.१ ग्रॅमच्या तोलाचा ओक, चिप्सशिवाय. दुसरा एक वर्ष झाल्यावर नुसताच चाखायला उघडला. हिरड्या कोरड्या पडत नव्हत्या, कडवट रेघ गेली होती, तोंड मऊ झालं होतं. नारळ मात्र होता तिथेच होता, आणि त्यामागे मेर्लो शोधावी लागत होती. ताईंनी पेला भावाकडे सरकवला. "घे, थांबायचं म्हणत होतास ना." तिसरा जार अजून बंद आहे.